मावशीची झोप आणि मनगटावरचा आकडा

"झोप लागली का गं नीट?" चहा गाळता गाळता आईनं मावशीला विचारलं. पाच मिनिटांपूर्वी मावशी गुणगुणत चादरींच्या घड्या घालत होती. पण उत्तर देण्याआधी तिनं मनगट वळवून पाहिलं. स्मार्टवॉचवर ५८ गुण. "नाही गं, गाढ झोप कमी झाली," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा खरोखरच उतरला.

या घड्याळाला नेमकं काय कळतं? त्याच्या पाठीमागे हिरवे दिवे लुकलुकतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्त वाढतं, आणि परत येणारा प्रकाश तेवढ्यापुरता घटतो. त्या चढउतारावरून नाडी मोजतात. माणूस स्वस्थ बसलेला असेल तर ती बऱ्यापैकी बरोबर येते.

झोपेचं तसं नाही. गाढ झोप कुठली आणि स्वप्नांची कुठली, हे मुख्यतः मेंदूतल्या विद्युतलहरींवरून ठरतं. त्यासाठी तपासणी केंद्रात डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवतात. मनगटावरचं यंत्र हालचाल आणि नाडी पाहून अंदाज बांधतं. डोळे टक्क उघडे ठेवून निपचित पडलेला माणूसही त्याला पुष्कळदा झोपलेला वाटतो.

हा अंदाज चुकला तर चुकला, असं म्हणून सोडून देता येत नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो कॉलेजमधला, २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थ्यांना सांगितलं, की तुमची कालची झोप आम्ही यंत्रानं मोजली आहे. मग काहींना चांगला आकडा दिला, काहींना वाईट. दोन्ही आकडे बनावट होते. तरी वाईट आकडा ऐकलेल्यांची बेरजांची चाचणी खालावली, मग त्यांना स्वतःला झोप कशीही वाटलेली असो. मावशीचा उतरलेला चेहरा असा, शरीरातून नव्हे, आकड्यातून आलेला असतो.

२०१७ साली शिकागोतल्या संशोधकांनी 'परिपूर्ण' झोपेच्या या ध्यासाला 'ऑर्थोसोम्निया' हे नाव दिलं. त्यांच्याकडे आलेले रुग्ण आकडा वाढावा म्हणून जास्त वेळ अंथरुणात पडून राहत. निद्रानाशात नेमकं हेच टाळायला सांगतात.

म्हणून घड्याळ काढून फेकावं असं मी म्हणणार नाही. ४ लाख १९ हजार लोकांच्या एका अमेरिकन अभ्यासात जेमतेम अर्ध्या टक्क्याला अनियमित नाडीची सूचना आली. त्यांतल्या ज्यांनी पुढे ईसीजीची पट्टी लावली, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार, सापडला. या विकारात पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि कित्येकांना तो जाणवतही नाही. दिवसा पेंग येत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल, तर मात्र घड्याळ काहीही म्हणो, डॉक्टरांकडे जायलाच हवं.

मावशीच्या घड्याळात मी नाडीची सूचना चालू ठेवली, झोपेची नोंद बंद केली. रात्री ते आता फ्रिजवर चार्जिंगला असतं. परवा आईनं पुन्हा तेच विचारलं. मावशी क्षणभर थांबली.

"लागली की. मध्ये एकदा पाणी प्यायला उठले होते, तेवढंच."