माणसं असलेला डोंगर

सैबेरियातल्या याकुत लोकांच्या भाषेत ‘किही’ म्हणजे माणूस आणि ‘किहिलेख’ म्हणजे माणसं असलेली जागा. सैबेरियाच्या ईशान्येला, आदिचा नदीच्या बाजूला या नावाची डोंगररांग आहे. वर मात्र घर नाही की झोपडी नाही. पायथ्याचं सूचिपर्णी लार्चचं जंगल विरळ होत संपतं, मग नुसतं शेवाळ, दगडफूल आणि वारा. आणि माथ्याच्या कडेकडेने उभे असलेले ग्रॅनाइटचे खांब, काही तर तीस मीटरपर्यंत उंच. धुक्यात लांबून पाहिलं तर कुणीतरी काफिला थांबवून आपल्याकडेच बघतंय असं वाटावं.

रशियन वर्णमालेत याकुत ‘ह’ला जोडीदार नाही. त्यामुळे नकाशांवर या नावाचं कुठे ‘किगिल्याख’ झालं, कुठे ‘किसिल्याख’. स आणि ह यांची अदलाबदल आपल्याला नवी नाही. संस्कृतातल्या सप्ताहाचा भाऊबंद फारसीतला हफ्ता, आणि तोच आपला हप्ता.

हे खांब बारा कोटी वर्षांपूर्वीचे, असं सर्रास लिहिलं जातं. बारा कोटी वर्षं हे वय ग्रॅनाइटचं. तेव्हा जमिनीखाली खोलवर शिलारस हळूहळू थिजला. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट याच्या निम्म्या वयाचा आहे. खांब मात्र खूप अलीकडचे, वरचं ओझं झिजून ग्रॅनाइट उघड्यावर आल्यानंतरचे. ओझं उतरलं तसा खडक किंचित फुगला आणि त्याला आडव्या भेगा पडल्या. उभ्या भेगा आधीपासून होत्याच. म्हणून जवळ गेल्यावर खांब अखंड दिसत नाही, भाकऱ्यांची चवड रचावी तसा थरांचा दिसतो. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब वेगळे: ते लाव्हा थंड होऊन आकसताना तडकले. इथे खांब तयार झाला तो आजूबाजूचा खडक निघून गेल्यामुळे. जिथे भेगा दाट, तिथलं सगळं ढासळलं. जिथे विरळ, तेवढं उरलं.

हे काम थंडीचं. पण कोणत्या थंडीचं? जवळच्या व्हर्खोयान्स्क गावात १८९२ च्या फेब्रुवारीत उणे ६७.८ अंशांची नोंद झाली आणि २० जून २०२० रोजी तिथेच पारा ३८ अंशांवर गेला. एवढ्या फरकात दहा मीटर लांबीचा ग्रॅनाइट साधारण आठ मिलिमीटरने लांबतो-आखडतो. (गाव दरीत आहे, हिवाळ्यात जड गार हवा तिथे साचते आणि डोंगरमाथा त्या मानाने उबदार राहतो. त्यामुळे खांबांवर हाच आकडा लावता येणार नाही.) खडक फोडायला मात्र उणे साठची गरज नसते. पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं हे शाळेत शिकलेलं खरंच. पण भेगेतला बर्फ आजूबाजूच्या सूक्ष्म छिद्रांतलं न गोठलेलं पाणीही स्वतःकडे ओढून वाढत जातो. हे शून्याखाली काही अंशांवरच जोरात चालतं. कडाक्याच्या थंडीत ओढायला पाणीच उरत नाही. म्हणजे खरे कारागीर वसंत आणि शरद. सुटलेली भुकटी आणि धोंडे उतारावरून सरकत जातात, कारण खालची जमीन कायम गोठलेली आणि वरचा थर उन्हाळ्यात चिखल.

मला यातली सगळ्यात गमतीची गोष्ट वाटते ती कोरडेपणाची. हिमयुगात उत्तर युरोपवर बर्फाचे प्रचंड थर होते. वाटेत येईल ते खरवडून नेत होते. याकुतियाच्या, म्हणजे याकुत लोकांच्या प्रदेशाच्या, या भागात थंडी अफाट होती, पण तेवढा थर साचायला बर्फच पडला नाही. व्हर्खोयान्स्कला आजही वर्षभरात दोनशे मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस-बर्फ पडतो. हिमचादरीचा रंधा इथे फिरला असता तर खांब उरलेच नसते. असेच खांब पार उत्तरेला, आर्क्टिक महासागरातल्या बोल्शोय ल्याखोव्स्की बेटावरही आहेत. अस्वल बेटांपैकी एकाचं तर नावच ‘चार खांबांचं बेट’.

याकुत लोक स्वतःला साखा म्हणवतात. त्यांच्या लेखी डोंगर, नदी, वाट, प्रत्येकाचा एक ‘इच्ची’ असतो, त्या जागेचा धनी. धन्याच्या घरात आरडाओरडा करायचा नसतो, आणि येताना हात हलवत यायचं नसतं. घोड्याच्या केसांची दोरी आणि तिला बांधलेल्या रंगीत चिंध्या म्हणजे ‘सलामा’; ती वाहायची, विस्तवाला घास द्यायचा, मग पुढे जायचं. किसिल्याख अशा पवित्र जागांमध्ये मानाचा. इथले खांब म्हणजे दगड झालेली माणसं, असं जुने लोक सांगतात. सह्याद्रीतल्या सुळक्यांना नवरा-नवरी म्हणणाऱ्यांना ते समजावून सांगायला नको.

शिवाय हे लोक घोडे पाळणारे, आणि खांब त्यांच्या अंगणातच असतो. घोडा बांधायचा कोरीव लाकडी खांब, त्याला ‘सेर्गे’ म्हणतात. लग्नात, सणाला नवा सेर्गे रोवतात. एकदा रोवला की तो कुणी उपटत नाही. घर सोडून माणसं गेली तरी तो तिथेच राहतो, कुजून आपोआप पडेपर्यंत.