कमी रेंजचा स्वस्त इलेक्ट्रिक ट्रक परवडतो का? हा हिशोब शंभर वर्षं जुना आहे

स्वस्त इलेक्ट्रिक ट्रकचा विषय निघाला की लगेच कोणीतरी म्हणतं की एवढ्याशा रेंजमध्ये (म्हणजे एका चार्जवर गाडी जेवढं अंतर जाते त्यात) धंदा कसा करायचा, आणि प्रश्न बरोबरच आहे पण तो आजचा नाहीये, १९१० च्या आसपास अमेरिकेतल्या शहरांमध्ये लोक हाच हिशोब मांडत होते आणि तेव्हा समोर डिझेल नव्हतं, घोडागाडी होती.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहराचं उदाहरण. तिथल्या वीज कंपनीने १९१० पासून १९२४ पर्यंत बॅटरी बदलून द्यायची सोय चालवली. ट्रक घ्यायचा तो बॅटरीशिवाय, बॅटरी वीज कंपनीची, उतरली की चार्ज केलेली दुसरी बसवून द्यायची, आणि मालकाने महिन्याची ठरलेली फी अधिक जितके मैल धावला त्याप्रमाणे पैसे भरायचे. म्हणजे ट्रकमधली सगळ्यात महागडी वस्तू विकतच घ्यायची नाही! आज बॅटरी भाड्याने द्यायची जी कल्पना नवीन म्हणून सांगतात ती तेव्हाच चालवून दाखवली होती आणि त्या गाड्या मिळून ६० लाख मैलांच्या वर धावल्या. मग पेट्रोल गाड्या स्वस्त झाल्या, १९१२ ला सेल्फ स्टार्टर आला, रस्ते शहराबाहेर लांब गेले आणि ते सगळं मागे पडलं.

ब्रिटनमध्ये मात्र टिकलं. दूधवाल्यांच्या इलेक्ट्रिक गाड्या, लेड अ‍ॅसिड बॅटरी, प्रचंड जड, स्पीड ताशी २५ किलोमीटरच्या आसपास, तरी कित्येक दशकं चालल्या कारण काम त्यांच्याच मापाचं होतं. रूट ठरलेला, दर दोन-चार घरांना थांबायचं (इथे इंजिन उगाच तेल जाळत बसतं), पहाटे आवाज नाही, आणि रात्री डेपोत चार्जिंग. पुढे त्या कमी का झाल्या तर लोक सुपरमार्केटमधून दूध आणायला लागले म्हणून. काम गेलं, गाडीचा हिशोब चुकला नव्हता, हे लोक विसरतात.

जर्मन पोस्टाने २०१४ मध्ये स्ट्रीटस्कूटर ही इलेक्ट्रिक डिलिव्हरी गाड्या बनवणारी कंपनीच विकत घेतली, सुरुवातीच्या गाडीची रेंज साधारण ८० किलोमीटर, पोस्टमनच्या फेरीला तेवढी पुरायची.

खरा फरक पडला तो बॅटरीच्या भावाने. २०१० मध्ये एका किलोवॅट अवरला, म्हणजे आपल्या वीजबिलातल्या एका युनिटएवढ्या साठ्याला, १००० डॉलरच्या वर पडायचे, २०२४ मध्ये जगाची सरासरी ११५ च्या आसपास आली. म्हणजे ५० किलोवॅट अवरची बॅटरी तेव्हा ५०,००० डॉलरच्या वर गेली असती, आता ६,००० च्या आत बसते. त्यामुळेच छोटी बॅटरी टाकून ट्रकची किंमत खाली आणणं शक्य झालं.

पण बॅटरी स्वस्त झाली म्हणून परवडलं असं नाही. डिझेलऐवजी वीज वापरल्याची बचत प्रत्येक किलोमीटरमागे होते, त्यामुळे गाडी जितकी जास्त पळेल तितके पैसे लवकर वसूल, आणि रेंज कमी असली की पळायला मर्यादा. या दोन्हीच्या मधे जो रूट बसतो, रोजचा शंभर-सव्वाशे किलोमीटरचा, ठरलेला, रात्री एका जागी उभं राहणारा, त्यालाच हा ट्रक खरा परवडतो. रोज २० किलोमीटर चालवणाऱ्याला रेंज भरपूर पुरेल पण पैसे वसूल व्हायला वर्षानुवर्षं लागतील. आणि माल भरला, थंडी असली की कागदावरची रेंज मिळत नाही, तेवढं आधीच वजा करून धरा.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत स्लेट या नव्या कंपनीचा छोटा इलेक्ट्रिक ट्रक जाहीर झाला, ५२.७ किलोवॅट अवरची बॅटरी, अंदाजे २४० किलोमीटर रेंज, सरकारी सवलत धरून २०,००० डॉलरच्या आत. सवलत होती ७,५०० डॉलरची आणि जुलैमधल्या कायद्याने ती ३० सप्टेंबर २०२५ नंतर बंद झाली. अख्ख्या बॅटरीच्या किमतीपेक्षाही मोठी रक्कम हिशोबातून गेली, आता ती किलोमीटरमागच्या बचतीतूनच भरून काढावी लागणार.