पंधरा दिवसांचं काम पंधरा दिवसांत का होत नाही?

'पंधरा दिवसांत किचन तुमच्या ताब्यात, काका,' मिस्त्री म्हणाले होते. लागले ३६ दिवस. 'ही माणसं खोटंच बोलतात' असं शेजारी म्हणाले. मला ते पटत नाही. मिस्त्रींची बेरीज चुकली होती, आणि तीच चूक शिकलेसवरलेलेही करतात. १९९४ साली कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना अंदाज विचारला. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळंच बिनसलं तर ४९. प्रत्यक्षात लागले ५५हून अधिक!

गोम अशी आहे. ओटा फोडायला बहुधा ३ दिवस लागतात. घाई केली तर २. त्याहून कमी नाही. पण लांबायला मर्यादाच नाही. आमचा ओटा फुटला आणि मागे गंजून पापुद्रे सुटलेला पाइप निघाला. म्हणजे कामाच्या दिवसांचा आलेख डावीकडे तुटका आणि उजवीकडे लांब शेपटीचा असतो. आपण सांगतो तो आलेखाचा शेंडा, म्हणजे बहुधा लागणारे दिवस; खर्च होते ती सरासरी. आणि शेपटी सरासरीला उजवीकडे ओढते.

१९५८ साली अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी कामाच्या दिवसांचा अंदाज बांधायची 'पर्ट' पद्धत काढली. तिचं सूत्र मला फार आवडतं: कमीत कमी दिवस, अधिक बहुधा लागणाऱ्या दिवसांची चौपट, अधिक जास्तीत जास्त दिवस, भागिले ६. ओट्यासाठी २, ३ आणि १० धरा: (२ + १२ + १०) ÷ ६ = ४. अशी एकामागून एक ५ कामं असली की मिस्त्रींची बेरीज १५, खरी सरासरी २०. पुढे जाऊ. एका कामाचं प्रमाण विचलन, म्हणजे दिवस सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे सरकतात त्याचं माप, (१० − २) ÷ ६, म्हणजे १.३३. पाच कामांचं मिळून १.३३ गुणिले पाचाचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ३. १५ दिवस सरासरीच्या जवळजवळ १.७ विचलनं खाली पडतात. १५ दिवसांत काम उरकण्याची शक्यता जेमतेम ५ टक्के!

हे सुद्धा कामं एकमेकांपासून स्वतंत्र मानून. ओटा बसवायला ग्रॅनाइट, प्लंबर आणि सुतार एकाच दिवशी हवेत. प्रत्येक जण वेळेवर येण्याची शक्यता ८० टक्के धरली, तरी तिघेही येण्याची ५१ टक्केच. खर्चाचंही तसंच: पाइप बदलण्याचे पैसे कोटेशनमध्ये नव्हतेच.

काही जण आधी वास्तुशांतीचा मुहूर्त काढतात आणि तिथून उलटे दिवस मोजतात. पंचांग बघून सिमेंट लवकर वाळत नाही. मुहूर्तासाठी ओल्या भिंतीवर रंग मारला, तर पुढे पोपडे धरतात.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांचा उपाय साधा आहे: या कामाचे तुकडे मोजण्याआधी अशाच झालेल्या कामांना किती दिवस लागले ते विचारा. काम संपल्यावर मी मिस्त्रींना विचारलं, 'याआधीच्या तीन किचनना किती दिवस लागले हो?'

ते क्षणभर थांबले. 'एकाला महिना. एकाला चाळीस दिवस. तिसऱ्याच्या ट्रॉल्या अजून बसायच्यात, काका.'