चोवीसपट मृगजळ

मे महिना, सकाळचे साडेदहा. सोलापूरच्या बाहेर मुरमाड माळावर असलेल्या एका रेंजवर माझा भाचा पॉइंट टू टू रायफल घेऊन पालथा पडला होता. कागद पन्नास मीटरवर. दोन गोळ्या झाल्या आणि तो मान वर न करता म्हणाला, "मामा, कागद पोहतोय."

वारा पडलेला. लिंबाचं पानही हलत नव्हतं. मी म्हटलं, "कागद नाही बे, हवा पोहतीय. तुझा स्कोप किती पटीवर आहे?"

"चोवीस."

"आठवर आण."

त्याने कडं फिरवलं आणि कागद मुकाट्याने उभा राहिला.

स्कोप, म्हणजे रायफलीवर बसवायची नेमाची दुर्बीण, त्याने ऑनलाइन मागवला होता. 6 ते 24 पट, पुढची काच 50 मिलिमीटरची, वजन जवळजवळ रायफलीला लाजवणारं. मोबाइल घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल बघावेत तसे त्याने पट बघितले होते. अशी निवड करणारा तो एकटा नाही. पण आपल्या गावच्या उन्हात पट वाढवणं म्हणजे काय, हे दुकानाच्या पानावर कुठेच लिहिलेलं नसतं.

तापलेल्या जमिनीला टेकलेली हवा गरम होते, विरळ होते आणि वर चढते. तिची जागा घ्यायला वरची थंड हवा खाली येते. गार-गरम हवेच्या या वळवळत्या लडींमधून प्रकाश येतो तेव्हा प्रत्येक लडीत तो किंचित वाकतो. किती किंचित? हवेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाश किती वाकवते त्याचं माप, 1.0003 च्या आसपास असतो आणि एका अंशाने तापमान बदललं की तो दहा लाखांत एक भाग इतका बदलतो. डोळ्याला ते जाणवत नाही. पण स्कोप लक्ष्य मोठं करतो तसा हा थरथराटही तेवढाच मोठा करतो. 24 पटीवर दिसतो तो कागद अधिक आपली सोलापूरची हवा, दोन्ही चोवीसपट.

हाच खेळ नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जास्त देखणा दिसतो. दुपारी गवताळ माळावर लांब उभ्या काळविटाचे पाय गायब होतात आणि जनावर पाण्यात उभं असल्यासारखं दिसतं. तिथे बघायचं ते साध्या दुर्बिणीतून. रायफलीच्या स्कोपमधून कुठलीच गोष्ट 'नुसती बघायची' नसते, कारण जिकडे स्कोप तिकडे नळी. शिकारीचा तर प्रश्नच नाही, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो विषय कधीच संपवलाय. हा लेख कागदावर नेम धरणाऱ्यांसाठी आहे.

सराईत नेमबाज मृगजळाला शिव्या घालत बसत नाहीत. ते त्याच्याकडून वारा वाचतात. लहरी डावीकडून उजवीकडे वाहताना दिसल्या तर वारा डावीकडचा. पातेल्यातल्या पाण्यासारख्या सरळ वर उकळताना दिसल्या तर वारा एक तर नाही, नाही तर थेट तोंडावर किंवा पाठीवर आहे.

तर मग पट किती घ्यावी? पन्नास मीटरच्या कागदासाठी चार ते नऊ-दहापर्यंत भरपूर झाली, असं माझं मत. त्यामागे नुसतं मृगजळ नाही. पुढच्या काचेच्या व्यासाला पटीने भागा. येतो तो आकडा म्हणजे स्कोपच्या मागून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या गोल झोताची जाडी. 50 भागिले 24 म्हणजे 2.1 मिलिमीटर. हाच स्कोप 6 पटीवर ठेवला तर 8.3. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकसलेली असते, त्यामुळे 24 पटीवरही अंधारल्यासारखं वाटत नाही. संध्याकाळी बाहुली पाच-सहा मिलिमीटर उघडते आणि झोत मात्र दोनच मिलिमीटरचा. चित्र मंद होत जातं. शिवाय एवढ्या बारीक झोतात डोळा नेमका बसवायचा म्हणजे सुईत दोरा ओवण्याचं काम. गाल जरा सरकला की कडेने काळी चंद्रकोर आत येते. नवशिक्याचा निम्मा वेळ ही चंद्रकोर घालवण्यातच जातो.

डोळा काचेपासून किती लांब ठेवायचा हेही स्कोपवर ठरतं, साधारण आठ ते दहा सेंटिमीटर. मोठ्या रायफलीवर हे अंतर कमी पडलं तर धक्क्यासरशी स्कोपची कड भुवईवर बसते आणि जखम अर्धवर्तुळाकार होते.

काचेबद्दल एक गोष्ट मला पटीपेक्षा मोलाची वाटते, ती म्हणजे तिच्यावरचा लेप. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे 4 टक्के प्रकाश मागे परततो. स्कोपमध्ये पाच भिंगं असली तर दहा पृष्ठभाग, आणि हिशेब केला तर एक तृतीयांश उजेड वाटेतच गळतो. नुसता गळत नाही, आतल्या आत इकडून तिकडे उड्या मारून चित्रावर दुधाळ साय धरतो. 1935 मध्ये झाइस या भिंगं बनवणाऱ्या जर्मन कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी यावर तोड काढली. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या भागाइतका पातळ थर काचेवर चढवला की वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणाऱ्या लाटा एकमेकींना खोडून टाकतात. अशा लेपासाठी मॅग्नेशियम फ्लोराइड हा नेहमीचा पदार्थ. दुकानात स्कोप हातात घेतलात तर ट्यूबलाइटखाली तिरका धरा. काचेत ट्यूबचं प्रतिबिंब मंद हिरवं-जांभळं दिसलं तर लेप आहे. लख्ख पांढरं दिसलं तर ती काच तशीच उघडी आहे, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

इथे कोणीतरी विचारेलच की ऑलिंपिकमध्ये तर स्कोप चालतच नाही. खरं आहे. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्यपदक घेतलं ते भोकाच्या साइटमधून नेम धरून. तिथे प्रतिमा मोठी करणारी भिंगं नियमातच बसत नाहीत. भाच्याला स्पर्धाच खेळायची असेल तर शेवटी त्याला तिकडेच वळावं लागणार. पण माझ्यासारख्या साठीतल्या माणसाचं काय? साध्या साइटला डोळ्याने मागची खाच, पुढची माशी आणि लांबचा कागद ही तीन अंतरं सांभाळायची असतात. चाळिशीनंतर डोळ्याचं भिंग कडक होतं आणि हे जमेनासं होतं. स्कोप ही तीन अंतरं एका पातळीत आणून ठेवतो. रेटिकल, म्हणजे स्कोपमधल्या नेमाच्या रेघा, आणि कागद एकाच पडद्यावर असल्यासारखे दिसतात.

दिसतात खरे, पण नेहमी असतातच असं नाही, आणि स्कोप निवडताना सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत अॅमीटरच्या काट्याखाली आरशाची पट्टी असायची, आठवतं? काटा आणि त्याचं प्रतिबिंब एकावर एक आले तरच वाचन घ्यायचं, कारण तिरकं बघितलं तर आकडा बदलतो. हा पॅरलॅक्स स्कोपमध्येही असतो. बहुतेक साधे स्कोप शंभर यार्डाच्या आसपास जुळवून बंद केलेले असतात. त्या अंतरावर कागदाची प्रतिमा बरोबर रेटिकलच्या पातळीत पडते. दुसऱ्या अंतरावर ती पुढे-मागे सरकते, आणि डोळा हलवला की रेटिकल कागदावर फिरतं. 40 मिलिमीटरचा, 100 मीटरला जुळवलेला स्कोप 10 मीटरच्या एअर रायफलवर लावला आणि डोळा अगदी कडेला गेला तर नेम 18 मिलिमीटरपर्यंत चुकू शकतो. दहा मीटरच्या कागदावर ही सात वर्तुळं झाली, आणि मधला दहाचा ठिपका तर अर्ध्या मिलिमीटरचा! म्हणून एअर रायफलला दहा मीटरपर्यंत जुळवता येणारा स्कोप हवा. नेम वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवणाऱ्या दोन नॉबांशिवाय बाजूला तिसरा नॉब किंवा पुढच्या काचेभोवती फिरणारं कडं असतं ते त्यासाठी. त्यावरच्या आकड्यांवर फार विसंबू नये. डोकं जरासं वर-खाली करा. रेटिकल कागदावर चिकटून राहिलं की जुळलं.

स्प्रिंगच्या एअर रायफलवर आणखी एक विचित्र भानगड आहे. बंदुकीचा धक्का मागे बसतो, म्हणून साधे स्कोप मागचा धक्का सोसायला बांधलेले असतात. स्प्रिंगची रायफल आधी मागे येते आणि पिस्टन हवेच्या उशीवर आदळला की झटक्यात पुढे जाते. या दुहेरी हिसक्याने बंदुकीवर वर्षानुवर्षं टिकणारा चांगला स्कोपही आतून सैल होतो. माझा एक झालाय. विकणाऱ्याला विचारलं होतं, तर तो म्हणाला, एअर रायफल म्हणजे खेळणं, तिला काय धक्का! स्प्रिंगच्या रायफलीसाठी मुद्दाम बनवलेला स्कोप मिळतो, तोच घ्यावा.

स्कोप बसवताना घाई नको. रेटिकलची उभी रेघ खरोखर उभी आहे का हे गवंड्याच्या ओळंब्याने बघावं. भिंतीवर दोरी सोडा, रायफल सपाटीत धरा आणि रेघ दोरीवर आणा. रेघ तिरपी राहिली तर वरचा नॉब फिरवताना गोळी वरही जाते आणि बाजूलाही. स्कोप रायफलीवर धरून ठेवणाऱ्या रिंगांचे स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे आवळायचे. जास्त आवळले तर स्कोपची नळी दबते आणि आतली यंत्रणा अडखळते.

झिरो करायचं, म्हणजे जिथे नेम तिथेच गोळी आणायचं, गणित सोपं आहे. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. शंभर मीटरवर ती 2.9 सेंटिमीटर भरते, पन्नासवर 1.45. बहुतेक नॉबचा एक क्लिक पाव कलेचा, म्हणजे पन्नास मीटरवर साडेतीन मिलिमीटरच्या आसपास. तीन-चार गोळ्यांचा झुबका तीन सेंटिमीटर खाली लागला तर आठ क्लिक वर. एका गोळीवरून कधीही क्लिक फिरवू नये, ती गोळी तुमच्या श्वासाचीही असू शकते.

राहिली निगा. सोलापुरात पाण्यापेक्षा धूळ वैरी. आपल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि मोहच्या मापावर त्यांची कठीणता 7. काच साडेपाच-सहाच्या घरात. म्हणजे धुळीने भरलेली काच नुसती पुसली तरी तुम्ही तिच्यावर पॉलिशपेपर फिरवताय. आमच्या गावचा टॉवेल जगात जातो, त्याचा मला अभिमान आहे, पण स्कोपच्या काचेला तो लावू नका. त्याचे लूप पाणी धरतात तसेच खडेही धरतात. आधी रबरी फुग्याने हवा मारायची, मग मऊ ब्रशने झटकायचं आणि तरीही डाग राहिला तरच भिंगाच्या कागदावर क्लीनरचा एक थेंब घेऊन मधून कडेकडे पुसायचं. क्लीनर काचेवर ओतायचा नाही, तो कडेने आत जातो. तोंडाने फुंकरही नको, थुंकीचे बारीक थेंब लेपावर वाळतात.

चांगल्या स्कोपमध्ये कोरडा नायट्रोजन भरलेला असतो. त्यात जादू नायट्रोजनची नाही, कोरडेपणाची आहे; आत वाफच नसेल तर धुकं धरणार कशाचं? एसीच्या खोलीतून स्कोप पावसाळी हवेत नेला की बाहेरून वाफ धरते, ती पाच-दहा मिनिटांत जाते. पण धुकं आतून दिसलं तर स्कोप हवाबंद ठेवणारी रबरी रिंग गेली, आणि घरी खोलून काही होत नाही. कोरड्या गावात बुरशीची भीती कमी, तरी जुलै ते सप्टेंबर चामड्याच्या बंद केसमध्ये ठेवलेल्या भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे मी पाहिलेत. बुरशी आम्ल सोडते आणि लेप खाते. नंतर ती पुसली तरी खूण राहते. सिलिका जेलच्या पुड्या घालून झाकणाच्या डब्यात ठेवावं, आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या तव्यावर मंद आचेवर कोरड्या कराव्यात. रायफल आणि काडतुसं मात्र परवान्याच्या नियमाप्रमाणे कुलपात.

त्या दिवशी पुढे भाच्याचे तीन झुबके तीन ठिकाणी लागले. पट आठच, वारा नाही, श्वासही बरा. मी रिंगेला हात लावला तर पुढचा स्क्रू बोटाने फिरला. एवढ्या चर्चेत तो आवळलाय का हे दोघांनीही बघितलं नव्हतं. घरी येऊन चारही स्क्रू नीट बसवले आणि प्रत्येकाच्या डोक्यावरून रिंगेपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढली; रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला. रंग म्हणून भाच्याने आईची लाल नेलपॉलिश वापरली. अक्का अजून ती बाटली शोधतीय.