ब्योमकेश बक्षी पुन्हा पुन्हा पडद्यावर का येतो

बंगाली कथांतला गुप्तहेर ब्योमकेश बक्षी नव्या नटाच्या रूपात पडद्यावर आला की दूरदर्शनवर वाढलेल्या आमच्या पिढीचं मत ठरलेलं असतं: ‘रजित कपूरची सर नाही.’ मीही तेच म्हणतो आणि मनापासून म्हणतो. पण रजित कपूरच्या ज्या दूरदर्शन मालिकेला आपण मूळ मानतो, ती मुळात एका बंगाली लेखकाच्या कथांवरून हिंदीत केलेली होती, आणि त्या लेखकानं स्वतःच हे पात्र एकदा मिटवून ठेवून पंधरा वर्षांनी पुन्हा उघडलं होतं. कोणता ब्योमकेश टिकला आणि कोणता विसरला गेला, हे समजून घ्यायचं तर सुरुवात तिथून करावी लागते.

शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा जन्म १८९९चा, उत्तर प्रदेशातल्या जौनपूरचा. शिक्षणानं वकील. १९३२ मध्ये त्यांनी ब्योमकेशच्या पहिल्या दोन कथा लिहिल्या. हा माणूस चालेल असं वाटल्यावर तिसऱ्या कथेत त्याची रीतसर ओळख करून दिली. वाचक आज पहिली म्हणून वाचतात ती हीच तिसरी कथा. कलकत्त्यातल्या एका मेसमध्ये, म्हणजे भाड्यानं खोल्या देणाऱ्या बोर्डिंगात, अजित नावाचा तरुण लेखक राहतो, तिथे अतुलचंद्र मित्र असं खोटं नाव घेऊन एक जण खोली मागायला येतो आणि त्याच्याच खोलीत राहू लागतो. तो ब्योमकेश. अंगात धोतर-पंजाबी (म्हणजे बंगाली कुडता), स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेणं नापसंत, दारावर ‘सत्यान्वेषी’, म्हणजे सत्य शोधणारा, अशी पाटी. अजित आणि ब्योमकेशची जोडी वॉटसन-होम्सच्या वळणाची आहे हे उघड आहे. वेगळेपण पुढे आहे. एका खटल्यात मुख्य संशयिताची बहीण सत्यवती त्याला भेटते आणि तो तिच्याशी लग्न करतो. होम्सला कुणी असा संसार दिला नव्हता.

१९३६ पर्यंत दहा कथा झाल्या आणि लेखक थांबले. आता लोकांना हे आवडणार नाही असं त्यांना वाटलं. १९३८ मध्ये ते मुंबईला बॉम्बे टॉकीजमध्ये आले आणि चित्रपटकथा लिहू लागले. पुढे कलकत्त्याला गेले असताना ओळखीच्या घरातल्या मुलांनी विचारलं, की तुम्ही ब्योमकेश का लिहीत नाही? नव्या पिढीलाही तो हवा आहे हे त्यांना तेव्हा कळलं आणि १९५१च्या अखेरीस अकरावी कथा आली. पुढच्याच वर्षी त्यांनी चित्रपट सोडला आणि ते पुण्यात स्थायिक झाले. ब्योमकेशच्या पूर्ण कथा बत्तीस, त्यातल्या बावीस या पुनरागमनानंतरच्या, आणि त्यांपैकी बहुतेक पुण्यात लिहिलेल्या. कलकत्त्याच्या गल्ल्या, तिथली ट्राम, तिथला पावसाळा हे सगळं पुण्यात बसून कागदावर येत होतं, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असतं. याच लेखकानं सदाशिव नावाच्या मराठी पोराला नायक करून शिवकाळावर मुलांसाठी कथाही लिहिल्या. त्यांच्यावर आपला थोडा हक्क आहे असं मला वाटतं तो यासाठी.

आणि हे पुनरागमन कसं केलं ते बघा. पंधरा वर्षांपूर्वीचा ब्योमकेश जसाच्या तसा आणून उभा केला नाही. मधल्या काळात तोही वाढला. त्याला मूल झालं. १९४६च्या दंगली आणि स्वातंत्र्याची पहाट त्याच्या एका कथेची पार्श्वभूमी झाली. शेवटी शेवटी तर अजित प्रकाशनाच्या धंद्यात गुंतला म्हणून निवेदनही त्याच्याकडून काढून घेतलं. आवडतं जुनं परत आणायचं तर त्याला मधली वर्षं जगू द्यायची, ही जाण मूळ लेखकाकडेच होती. नंतर ज्यांनी ब्योमकेश हाती घेतला, त्यांतल्या अनेकांकडे ती दिसली नाही.

पडद्यावरचा गाजलेला पहिला प्रयत्न सत्यजित राय यांचा, १९६७चा ‘चिडियाखाना’. ब्योमकेश झाले उत्तमकुमार. हे काम आधी राय यांच्या सहायकांच्या हाती होतं, ते त्यांच्याकडे आलं आणि त्या चित्रपटावर ते स्वतः कधी खूश नव्हते. तरी त्यासाठी त्यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, उत्तमकुमार यांच्या अभिनयाच्या राष्ट्रीय पुरस्कारातही या चित्रपटाचा वाटा होता. राय यांनी ब्योमकेशला घरात साप पाळायला लावलं. मला तो साप खटकतो. ज्याचं सगळं वेगळेपण त्याच्या साधेपणात आहे, त्याला विक्षिप्त करून काय मिळवलं?

हिंदी दूरदर्शनवर बंगाली गुप्तहेर आणायचा प्रयत्न रजित कपूरच्या मालिकेआधी एकदा झाला होता. १९८०च्या दशकात सत्यजित राय यांनीच लिहिलेल्या फेलूदा या गुप्तहेराच्या एका कथेवरून त्यांचे चिरंजीव संदीप राय यांनी ‘किस्सा काठमांडू का’ केलं. फेलूदा शशी कपूर, त्याचे सोबती लालमोहनबाबू आपले मोहन आगाशे. आगाशे मला अतिशय आवडले. शशी कपूर मात्र शशी कपूरच राहिले. नट इतका ओळखीचा असला की पात्राला पुढे यायला जागाच उरत नाही.

१९९३च्या ‘ब्योमकेश बक्षी’ मालिकेत बासु चटर्जींनी ही चूक टाळली. रजित कपूर तेव्हा रंगभूमीवर मुरलेले असले तरी घराघरांत माहीत नव्हते. अजितच्या भूमिकेत के. के. रैना आणि सत्यवती म्हणून सुकन्या कुलकर्णी, ज्यांना पुढे ‘आभाळमाया’नं मराठी घरात कायमचं स्थान दिलं. आनंद शंकर यांचं शीर्षकसंगीत सुरू झालं की आतल्या खोलीतून माणसं बाहेर यायची. बासुदांची निवड योगायोगानं झालेली नव्हती. ‘रजनी’मध्ये प्रिया तेंडुलकरांच्या हाती त्यांनी गॅस सिलिंडर आणि टॅक्सीच्या तक्रारींतून नायिका उभी केली होती. चाळीतला, फ्लॅटमधला, पगारावर जगणारा माणूस त्यांना आतून कळायचा. त्यामुळे ब्योमकेश त्यांना साहसी वीर वाटलाच नाही. त्यांना दिसला तो चहा पिता पिता वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचणारा एक सुशिक्षित गृहस्थ, ज्याची बुद्धी जरा जास्त तल्लख आहे.

मालिकेचं बजेट बेताचं होतं आणि ते दिसतं. खोल्या त्याच त्याच वाटतात, प्रकाश सपाट, मारामारी जवळजवळ नाही. पण त्यानं कथांचं नुकसान झालं नाही, कारण शरदिंदूंच्या कथा मुळातच बैठकीच्या आहेत. चार माणसं बोलतात, एखादा खोटं बोलतो, ब्योमकेश ऐकतो. बासुदांनी कथानकं फारशी हलवली नाहीत, बंगाली नावं आणि नाती तशीच ठेवली आणि हिंदी इतकं सोपं ठेवलं की नागपूर काय नि कोल्हापूर काय, कुठल्याही घरी ते परकं वाटलं नाही. एक-दोन भागांत गोष्ट संपायची. १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू होऊन खाजगी वाहिन्यांचं वारं सुटलं होतं, मालिका लांबवायचा मोह सगळीकडे पसरत होता. त्या काळात संपणारी गोष्ट सांगणं हा बासुदांचा मोठेपणा. १९९७ मध्ये दुसरं पर्व आलं तेव्हाही नट तेच, घर तेच, चाल तीच.

पुढे बंगालमध्ये तर रांगच लागली. अंजन दत्त यांच्या २०१०च्या चित्रपटापासून अबीर चटर्जी ब्योमकेश झाले. काही वर्षांनी तेच फेलूदाही झाले, आणि दोन्ही वाचकांना एकाच चेहऱ्याशी जुळवून घ्यावं लागलं. ऋतुपर्ण घोष यांनी सुजॉय घोष या दिग्दर्शकालाच ब्योमकेश केलं. तो चित्रपट २०१३ मध्ये ऋतुपर्णांच्या निधनानंतर लोकांसमोर आला. २०१७ पासून होइचोई या बंगाली ओटीटीवर अनिर्बाण भट्टाचार्य आले. त्यांतलं सगळंच वाईट नाही. अनिर्बाण मला आवडतात, कारण त्यांच्या ब्योमकेशच्या घरात भांडी वाजतात, सत्यवती त्याला टोकते.

दिबाकर बॅनर्जींचा २०१५चा चित्रपट मात्र वेगळ्या जातीचा. पहिली म्हणून वाचल्या जाणाऱ्या त्या मेसच्या कथेचा काळ १९२४-२५चा. त्यांनी तो उचलून दुसऱ्या महायुद्धात, जपानी बाँबहल्ल्यांच्या छायेतल्या कलकत्त्यात नेला. कोकेनच्या छोट्या व्यापाराचं आंतरराष्ट्रीय कारस्थान झालं. शहर अप्रतिम उभं केलंय, सुशांतसिंह राजपूतनं अडखळणारा, चुकणारा, कोवळा ब्योमकेश मन लावून केलाय. धाडस म्हणून मी त्याचा आदरच करतो. पण खलनायक जितका मोठा आणि रक्त जितकं जास्त, तितका ब्योमकेश लहान होत गेला. मूळ कथेतली भीती अशी होती, की शेजारच्या खोलीतला भला माणूस खुनी निघतो. ती भीती छोट्या जागेत जास्त बोचते.

मार्च २०२०च्या अखेरीस टाळेबंदीत दूरदर्शननं रामायणाबरोबर ब्योमकेशही पुन्हा दाखवला. जुनं प्रक्षेपण, जुनाच धूसरपणा, तरी माझ्या घरात माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान माणसं मोबाइल बाजूला ठेवून बघत बसली. पात्रांची नावं विचारत होती, खुनी कोण याची पैज लावत होती. नव्यानं काहीही न करता ती मालिका चालली, ही गोष्ट पुनर्निर्मितीचे आराखडे आखणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवी. बासुदा त्याच वर्षी जूनमध्ये गेले.

माझी एक इच्छा आहे. शरदिंदूंच्या शेवटच्या कथांतला ब्योमकेश उतारवयाकडे झुकलेला, मुलगा मोठा झालेला, अजित धंद्यात अडकलेला असा आहे. म्हाताऱ्या ब्योमकेशला बंगालीत २०१५ मध्ये धृतिमान चटर्जींनी हात लावला, पण हिंदी मालिकेनं कधी नाही. रजित कपूर आता साठीपलीकडचे आहेत आणि अजून उत्तम काम करतात. १९६०च्या दशकातल्या त्या कथा घ्या, त्यांनाच पुन्हा बोलवा, बजेट बेताचंच ठेवा आणि गोष्ट दोन भागांत संपवा. तरुण नट शोधून पुन्हा त्याच मेसच्या खोलीत शिरण्यापेक्षा मला ते बघायला जास्त आवडेल.