जठर कापले, मोठे आतडे बदलले

लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेत सर्जन मोठ्या आतड्याला हातही लावत नाही, तरीही काही महिन्यांतच तिथली जिवाणूंची वस्ती ओळखू येणार नाही इतकी बदललेली असते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी जेमतेम 30 मिलिलिटरची पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. उरलेले जठर आणि लहान आतड्याची सुरुवात अन्नाच्या वाटेतून बाजूला पडते. एरवी गिळलेल्या बहुतेक जिवाणूंना जठरातले आम्ल मारून टाकते, पण या पिशवीत ते फारच कमी स्रवते. म्हणूनच तोंडात राहणारे स्ट्रेप्टोकॉकस आणि व्हेलोनेला शस्त्रक्रियेनंतर मलात अधिक सापडतात. प्राणवायू असो वा नसो, तग धरणारे ई. कोलायसारखे जिवाणूही वाढतात. अन्नाची आणि पित्ताची गाठही उशिरा पडते. पित्ताम्लांची रूपे जिवाणू बदलतात आणि ती पित्ताम्ले साखरेच्या नियंत्रणासाठी शरीराला इशारे देतात.

पण माणूस कमी खाऊ लागला की जिवाणू बदलणारच, मग यात शस्त्रक्रियेचे श्रेय किती? 2013 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी काही उंदरांवर बायपास केला, तर काहींचे आतडे नुसते कापून पुन्हा होते तसे शिवले आणि त्यांतल्या काहींना अर्धपोटी ठेवून त्यांचे वजन बायपासवाल्यांइतके खाली आणले. मग या उंदरांच्या आतड्यांतले जिवाणू जन्मापासून निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांना दिले. बायपासवाल्यांचे जिवाणू मिळालेल्या उंदरांचे वजन दोन आठवड्यांत सुमारे 5 टक्के घटले. नुसत्या टाक्यांच्या उंदरांकडून आलेल्या जिवाणूंनी तसे काही घडवले नाही. खुद्द बायपास झालेल्या उंदरांचे वजन मात्र याच्या कितीतरी पट घटले होते, तेव्हा सगळे श्रेय जिवाणूंच्या पदरात टाकणे मला पटत नाही.

हा बदल टिकतो, हे 2015 मध्ये दिसले. सुमारे 9 वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या स्वीडनमधील स्त्रियांच्या मलातले जिवाणू मिळालेल्या निर्जंतुक उंदरांच्या अंगावर, शस्त्रक्रिया न झालेल्या लठ्ठ स्त्रियांचे जिवाणू मिळालेल्या उंदरांपेक्षा, कमी चरबी चढली. अर्थात निर्जंतुक उंदराचे आतडे म्हणजे रिकामे घर. माणसाच्या आतड्यात आधीच ठाण मांडून बसलेल्या अब्जावधी रहिवाशांमधून नव्याने आलेल्याला जागा मिळवावी लागते.