अच्युत पोतदार

पोतदार, अच्युत (१९३४ – १८ ऑगस्ट २०२५) : हिंदी व मराठी चित्रपटांतील चरित्र अभिनेते. जन्म जबलपूरचा, बालपण इंदूरला गेले. चित्रपट सव्वाशेहून अधिक. शिवाय मालिका, नाटके आणि जाहिराती.

इंदूर १८१८ पासून होळकरांची राजधानी. राजदरबाराबरोबर आलेली मराठी कुटुंबे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. राजवाडा, रामबाग या भागांत आजही घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी चालते. तिथल्या मराठी मुलाला हिंदी शिकावी लागत नाही; ती गल्लीत खेळता खेळता येते. मुंबई-पुण्याच्या रंगभूमीवरून हिंदीत गेलेल्या कित्येक चांगल्या नटांची बोली कानाला खटकते, आणि मग वाट्याला हवालदार नाही तर कारकून येतो. पोतदारांनाही साधी नोकरदार माणसे पुष्कळ मिळाली, पण ती उच्चारामुळे नव्हेत.

अर्थशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण झाल्यावर त्यांनी मध्य प्रदेशातील रीवा येथे प्राध्यापकी केली. पुढे सैन्यात गेले, १९६७ मध्ये कॅप्टन पदावरून निवृत्त झाले आणि इंडियन ऑइलमध्ये अधिकारी म्हणून लागले. ही नोकरी २५ वर्षे, म्हणजे १९९२ पर्यंत चालली. त्यांचा पहिला चित्रपट, दिग्दर्शक गोविंद निहलानींचा ‘आक्रोश’, १९८० चा. म्हणजे पडद्यावरची पहिली बारा वर्षे ते नोकरी सांभाळूनच काम करत होते. ‘अर्धसत्य’ (१९८३), ‘तेजाब’ (१९८८), ‘परिंदा’ (१९८९), दूरदर्शनवरील ‘भारत एक खोज’ आणि ‘वागले की दुनिया’ हे सारे याच काळातले. नायकाला असे जमले नसते. चरित्र नटाचे काम मोजक्या दिवसांत उरकते, म्हणून ते जमते. मात्र त्या दोन-चार प्रसंगांत माणूस ओळखीचा वाटला पाहिजे. अशा नटाला तयारीला वेळ नसतो, तो अंगात मुरलेल्या गोष्टींवरच भागवतो. वर्ग, पलटण आणि कचेरी या तिन्ही ठिकाणी पोतदार खरोखर वावरले होते.

‘रंगीला’ (१९९५) मध्ये ते नायिका मिलीचे वडील आहेत, तर आई रीमा लागू. मुलगी सिनेमात नाचायला निघाली आहे आणि घर मध्यमवर्गीय जोश्यांचे. ते घर खरे वाटते याचे बरेचसे श्रेय या दोघांना द्यावे लागेल.

त्यांचे नाव माहीत नसलेल्यांनाही ‘थ्री इडियट्स’ (२००९) मधला प्राध्यापक माहीत असतो. यंत्राची व्याख्या सोप्या भाषेत सांगितली म्हणून तो नायक रँचो या विद्यार्थ्याला वर्गाबाहेर काढतो. रँचो परत येतो. का आलास, असे विचारल्यावर पुस्तक म्हणजे काय याची लांबलचक, बोजड व्याख्या धडाधड म्हणतो. प्राध्यापक गोंधळून विचारतात, “अरे, कहना क्या चाहते हो?” उत्तर साधेच असते : पुस्तके विसरली होती. हा प्रश्न पोतदारांनी ओरडून विचारलेला नाही, खरी मेख तिथे आहे. रागावलेला मास्तर कुणीही उभा केला असता. इथे मास्तराला खरेच काही कळलेले नाही, आणि ते वर्गासमोर कबूल करावे लागते आहे. एके काळी रीव्याच्या वर्गात उभा राहिलेला माणूस हे करतो, याची गंमत वेगळीच. पुढे हे वाक्य समाजमाध्यमांवर इतके फिरले की चित्रपट न पाहिलेली मुलेही ते त्याच सुरात म्हणू लागली.

मराठी प्रेक्षकांना ते घरचे वाटले ते उतारवयात. २०२० मध्ये सुरू झालेल्या झी मराठीच्या ‘माझा होशील ना’ मालिकेतले आप्पा त्यांनी पंच्याऐंशी ओलांडताना साकारले. त्यांचे निधन ठाण्यात झाले.